उजवीकडची आतली बाजू

"तुमचे दात कसे आहेत?"

दंतवैद्याला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. लोक त्याला आपले दात दाखवत, मुलांचे दाखवत, सासूचे तर डबीत घालून आणून दाखवत. कुणाच्या लग्नाला गेला तर हात धुवायच्या जागी गाठून आ करत. पण समोरच्या या गृहस्थालाही एक तोंड आहे आणि त्यात दात असण्याची दाट शक्यता आहे, हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं तर त्याच्याही आलं नव्हतं. त्यामुळे कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंनी नजर वर न करता हे विचारलं, तेव्हा त्याला आधी वाटलं की बाईंचाच एखादा दात दुखत असावा आणि सल्ला मागायची ही एक नवी तऱ्हा असावी. "वरचा की खालचा?" त्याने सवयीने विचारलं. बाई हसल्या नाहीत. "माझे नाही हो, तुमचे," त्या म्हणाल्या. "हिरड्यांतून रक्त येतं का?"

आता यात पंचाईत अशी, की तो घरून एक वाक्य घेऊन आला होता. 'बाई, ऑपरेशन झालं, तुमचे सगळ्यांचे आभार. पण पुढची केमो मला नको.' वाक्य त्याने दाढी करताना म्हणून पाहिलं होतं, बसमध्ये मनातल्या मनात म्हटलं होतं, आणि लिफ्टच्या आरशात बघून इतकं मोठ्यांदा म्हटलं होतं, की फुलांचा गुच्छ घेऊन उभा असलेला एक माणूस भलत्याच मजल्यावर उतरून गेला. गेल्या महिन्यात त्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ कापून काढली होती. गाठ गेली, पण तिच्या शेजारच्या दोन ग्रंथींत तिच्या पेशी आधीच जाऊन बसलेल्या सापडल्या, म्हणून केमो. घेतली नाही तर दुखणं दुसरीकडे कुठेतरी डोकं वर काढायची भीती जास्त, हे त्याला कळत होतं. न कळायला तो काही अडाणी नव्हता. पण कळणं ही एक गोष्ट आणि त्या खुर्चीत जाऊन बसणं ही दुसरी, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्यभर त्याने सगळं कळणाऱ्या माणसांना दारातून परत पळताना पाहिलं होतं. सकाळी निघताना बायको एवढंच म्हणाली होती, "अहो, जे काय ठरवलंय ते एकदा तोंडाने सांगा. तुमच्या पाठीवरून मला वाचता येत नाही." आणि तो, जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा, ते न उघडता चपला घालून बाहेर पडला होता.

"येतं थोडं," तो म्हणाला. "पावाचा काठ कडक असला की." हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला ते ओळखीचं वाटलं. त्याचे पेशंट हेच सांगत. ब्रश कडक आहे, सफरचंद कडक आहे, हवा कोरडी आहे. हिरडी सोडून जगात सगळ्याचं काहीतरी चुकलेलं असे. बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. निळ्या रंगात त्याच्या गाठीच्या पेशी होत्या, हजारो, चुरगाळलेल्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. आणि त्यांच्या मधल्या फटींत, काही ठिकाणी तर थेट पेशींच्या पोटात, गुलाबी रेघा चमकत होत्या. "हे जंतू आहेत," बाई म्हणाल्या. "गाठ म्हणजे नुसत्या बिघडलेल्या पेशींचा गठ्ठा नसतो. काही गाठींत जंतूही राहतात. फार नसतात, पण असतात. तुमच्या गाठीत जे सापडलेत, त्यांचं खरं घर आतडं नाही. ते तोंडात राहतात. हिरडीखाली." दंतवैद्य पुढे वाकला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने डोळे बारीक केले. चातीसारखी, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती ती रेघ त्याने बघितली मात्र, आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हा?" तो म्हणाला. "हा इथं काय करतोय?" एखाद्या परक्या गावात, नको त्या घरातून, आपल्या गल्लीतला माणूस बाहेर पडताना दिसावा, तसा त्याचा आवाज झाला होता.

बाईंनी सांगितलं ते त्याने एकेका घोटासारखं ऐकलं. हे जंतू काही गाठींत नुसते पडून राहत नाहीत, कामाला लागतात असं दिसतंय. शरीराच्या पहारेकरी पेशींना दारातच थोपवतात. केमोचं औषध आलं की त्यातून निभावून जायची युक्ती गाठीच्या पेशींना देतात. आणि एखादी पेशी सुटून रक्तातून दुसरीकडे निघाली, तर कधीकधी हेही तिच्याबरोबर जातात. यकृतात उगवलेल्या गाठीत हेच सापडल्याची उदाहरणं आहेत. "म्हणजे बिऱ्हाड हलवतात सामानासकट," दंतवैद्य म्हणाला. "सामानासकट," बाई म्हणाल्या. आता त्या थोडं हसल्या. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो विचारायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. "म्हणजे माझ्या हिरड्यांमुळे झालं हे सगळं?" बाईंनी मान हलवली. "असं नाही म्हणता येणार. तोंडाची पार दुर्दशा झालेली माणसं ठणठणीत म्हातारी होतात आणि लखलखीत तोंडाच्या माणसांनाही गाठी होतात. आधी जंतू आले की आधी गाठ आली, हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही. गाठीत प्राणवायू कमी, पहारा ढिला. त्यांना तिथं आयती जागा मिळते. पण एकदा शिरले की गाठीच्या सोयीचं वागतात." सगळ्या जंतूंना मारत सुटायचं असंही नाही, त्या म्हणाल्या; काही उलट उपयोगाचे असतात. इथं एक अभ्यास चालू आहे. नेहमीच्या केमोबरोबर, नेमक्या या जातीवरचं एक औषध. उंदरांमध्ये गाठीची वाढ मंदावली. माणसांचं अजून ठरायचं आहे. "मी खात्री देत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही त्यात बसता. एक अट आहे. आधी तोंड तपासून, हिरड्यांखालून साफ करून घ्यायचं. तुमच्या ग्रंथींची बातमी बघता फार दिवस दवडू नका." दंतवैद्याने खाकरून विचारलं, "मी स्वतः केलं तर चालेल?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मी माझं पोट स्वतः तपासते का?" त्या म्हणाल्या.

घरून आणलेलं वाक्य तसंच खिशात राहिलं. तो लिफ्टने खाली आला, फिरत्या काचेच्या दारातून एकदा जास्तच फिरला आणि रस्त्यावर उभा राहिला. दुपारचं ऊन होतं. समोर चष्म्याच्या दुकानाच्या फळीवर रिकाम्या काचांचे चष्मे सगळ्यांकडे रोखून बघत होते. त्याची जीभ मागे गेली. उजवीकडे, खाली, शेवटच्या दाढांच्या आतल्या अंगाला, जिभेच्या बाजूला. जीभ तिथं पोचली आणि तिला ती जागा मऊ लागली, किंचित उष्ण, आणि लगेच ती चव: लोखंडाची, जुन्या चावीची. चव त्याला रोजची होती. पण रोजची म्हणून तो ती चाखत नव्हता, जसं आपण घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकत नाही. आज ती ऐकू आल्यासारखी झाली. त्याने फोन काढून बायकोला लावला. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. गाठीत तोंडातले जंतू निघाले, आतड्यात जाऊन राहिलेत, गाठीला हातभार लावतात. "म्हणजे पोटभाडेकरू ठेवले होतेत म्हणा की," बायको म्हणाली. "आणि मला पत्ता नाही." तो रस्त्यात उभ्या उभ्या हसला. किती दिवसांनी हसला हे त्याच्या टाक्यांना कळलं. ते ओढले गेले. "हसताय काय?" ती म्हणाली, पण तिचाही आवाज आता सकाळचा नव्हता. "मग पुढं काय ठरलं?" "बघतो," तो म्हणाला. "लेकीकडे जाऊन येतो." "आजच? स्वतःहून?" बायकोने विचारलं, आणि तो बरा आहे ना याची खात्री करायला त्याला आणखी दोन प्रश्न विचारले.

त्याचा जुना दवाखाना, जो आता लेक चालवत होती, तिथून चालत जाण्याजोगा होता. चालताना त्याला वाटलं होतं की भीती वाटेल, निदान लाज तरी. पण वाटत होतं ते काही वेगळंच, आणि त्याला नाव देता येईना. गेले काही आठवडे गाठ या शब्दाने त्याच्या डोक्यात जे काही बसलं होतं, त्याला तोंड नव्हतं, कान नव्हते. ती एक आंधळी गोष्ट होती, जी वाढत होती म्हणून वाढत होती. तिच्याशी भांडता येत नव्हतं, की बोलणी करता येत नव्हती. रात्री छताकडे बघताना ती त्याला वर दिसे, पाण्याच्या डागासारखी, कडा पसरत चाललेली. आणि आज कळलं की आत तिथं एक ओळखीचा माणूस आहे. कुठल्याही मोठ्या कचेरीत, जिथं आपल्या कागदाचं काय झालं हे कुणी सांगत नाही, तिथं आतल्या टेबलावर आपल्या ओळखीचं कुणी निघालं की जीव जरा भांड्यात पडतो. मग तो ओळखीचा माणूस लबाड का असेना. उलट लबाड असला तर बरंच, कारण त्याच्या सगळ्या लबाड्या आपल्याला पाठ असतात. आणि या चातीच्या तर दंतवैद्याला खरंच पाठ होत्या. कॉलेजात असताना, खिडकी बंद केली की नाक उठेल अशा एका प्रयोगशाळेत, त्याने हा जंतू पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांचे सर सांगत, दातांवर जंतूंची जी वस्ती बसते तिच्यात आधी येणारे बिचारे साधे असतात आणि उशिरा येणारे दांडगे. एरवी त्यांचं आपसात जमलं नसतं. हा मधला गडी एक हात याच्या खांद्यावर ठेवतो, दुसरा त्याच्या, आणि वस्ती उभी राहते. वर्गात एक विद्यार्थी असाच होता, सगळ्यांची सगळ्यांशी ओळख करून देणारा. पुढं त्याने फार मोठं नाव काढलं, पण दातांत नाही. दंतवैद्याने मग सगळी कारकीर्द या मधल्या गड्याच्या मागे लागून घालवली. पेशंटने आ केला की वासावरून कळे, आहे, आत बसलाय. हिरडीखाली अवजार घालून तो त्याला खरवडून काढी, आणि सहा महिन्यांनी तो परत हजर. त्याला त्याचा राग होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मायाही होती, जशी ती पोलिसाला पाकीटमाराबद्दल असते. आणि हा गडी मागच्या दाराने निघून, इतका लांबचा पल्ला मारून, त्याच्याच पोटात जाऊन दुसरी वस्ती वसवून बसला होता. अपमानच म्हणायचा. पण अपमानात निदान समोर कुणीतरी असतं.

आणि नेमकी उजवीकडची आतली बाजू! आपण आपलं दुखणं विसरून आपल्याच मूर्खपणावर खूश व्हावं, असं त्याला एका सिग्नलजवळ झालं. कारण ही गोष्ट तो पेशंटला सांगायचा, येणाऱ्या प्रत्येकाला, मोठ्या आरशापुढे उभं करून. "उजव्या हाताने ब्रश करणारा माणूस उजवीकडेच चुकतो. आणि तेही आतल्या अंगाला, खाली. मनगट वळत नाही तिथं, आणि जीभ मधे येते. जे सगळ्यांत जवळ तेच राहून जातं." हे वाक्य त्याच्या इतकं तोंडात बसलं होतं, की बायको कधी कधी पाहुण्यांसमोर त्याच्याआधी म्हणून टाकी. आणि तो स्वतः? तो स्वतःचे दात स्वतः साफ करी. शहरातल्या दुसऱ्या कुठल्या दंतवैद्यापुढे आ करायचा म्हणजे न्हाव्याने दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊन डोकं द्यायचं. जाईलही, पण कात्रीकडे सारखं लक्ष. म्हणून दवाखाना बंद झाला, की शेवटचा दिवा लावून, डाव्या हातात आरसा आणि उजव्या हातात अवजार धरून तो उभ्या उभ्या उरकून घ्यायचा. चाळीस वर्षं. उजव्या हाताने. पुढचे दात इतके चकचकीत, की पेशंट त्यांच्याकडे बघून विश्वास ठेवत. आणि मनगट जिथं वळत नव्हतं तिथं तो, जगातला तो एकमेव माणूस ज्याला ते पाठ होतं, जात नव्हता.

दवाखान्याचं दार लेकीने निळं रंगवलं होतं. त्याच्या काळी ते पांढरं होतं, म्हणजे मळकं. काउंटरवर मावशी बसल्या होत्या. त्याच्या वेळेपासूनच्या, केस पिकले, पण वहीवर पेन आपटायची लकब तशीच. "अगोबाई, डॉक्टर!" त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय ना आता? ताई आत आहेत. पेशंट आहे. कुणाला दाखवायचंय?" "मला," तो म्हणाला. "तुम्हाला काय दाखवायचंय?" "मला म्हणजे, माझे दात दाखवायचेत." मावशींनी पेन आपटायचं थांबवलं. त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ऑपरेशन पोटाचं झालं असं कळलं होतं, डोक्याला काही लागलं का? मग म्हणाल्या, "नंबर लावावा लागेल. ताईंचा तसा नियम आहे." आणि त्याचाच दवाखाना, त्याचीच बाकं, तिथं त्याला बसवलं. शेजारी गाल सुजलेल्या एक बाई होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. त्यांच्या लहानपणी त्यांचा एक दात त्याने काढला होता असं त्यांनी गाल धरून सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, "डॉक्टर, दुखेल का हो?" या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं होतं: अजिबात नाही. ते जिभेवर आलंही. पण जीभ तेव्हा मागे उजवीकडे होती. "खरं सांगू का," तो म्हणाला, "मला माहीत नाही. त्या खुर्चीत मी दुपारी झोपलोय पुष्कळदा. पण तोंड मिटून." बाई हसायला गेल्या आणि कळवळल्या.

आतून लेकीचा आवाज येत होता, आणि थोड्या थोड्या वेळाने यंत्राची किणकिण थांबत होती. थांबली की तिचा आवाज: "काय झालं? दुखलं? घ्या दम." मग पुन्हा किणकिण. याच थांबण्यावरून त्यांचं बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे भांडण नाही, तो यायचा बंद झाला एवढंच. त्याच्या दवाखान्यातही पेशंटला सांगितलेलं असे, 'दुखलं तर डावा हात वर करा.' सांगायची पद्धत होती ती. प्रत्यक्षात हात वर आला की तो म्हणे "झालंच, झालंच, आता काय उरलंय," आणि पलीकडे उभ्या असलेल्या मावशी तो हात मायेने खाली घेत. वर आलेले हात खाली घेणं हे मावशींचं निम्मं काम होतं. त्या उपजतच या कामाच्या होत्या. पेशंटला वाटे, आपला हात कुणी प्रेमाने धरलाय. लेक मात्र प्रत्येक हाताला थांबे. "अशाने दिवसाला एक दाढ होईल," तो एकदा तिला म्हणाला होता. "मग एक दाढ," ती म्हणाली होती, आणि त्याला वाटलं होतं, आपण उभं केलेलं सगळं ही पोर हळूहळू थांबवत नेणार.

पण आता बाकावर बसून ते थांबणं ऐकताना त्याला थोरला भाऊ आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा आलाच, नेहमीसारखा न विचारता, आणि शेजारी बसला. भावालाही हेच झालं होतं, पुष्कळ वर्षांपूर्वी, औषधं वेगळी होती तेव्हा. केमोच्या मधल्या काळात तो खिडकीत बसून पाण्याचा पेला हातात धरी आणि पीत नसे. "पाणीसुद्धा पितळेसारखं लागतंय रे," तो म्हणे. एकदा म्हणाला, "आता पुरे करू या का?" आणि त्याला ते विचारायचं होतं ते डॉक्टरांना नाही, बायकोला नाही, धाकट्या भावाला, कारण धाकटा भाऊ डॉक्टर, दातांचा का होईना. धाकटा भाऊ म्हणाला, "झालंच की. आता काय उरलंय." मायेने म्हणाला. हातही धरला असेल. थोरल्याने मग पुन्हा विचारलं नाही. उरलेलं औषध घेऊनही तो गेला; मधेच थांबवलं असतं तर काय झालं असतं, कुणाला माहीत? त्याचं काही नाही. पण वर आलेला तो हात दंतवैद्याच्या डोळ्यांपुढून खाली जाईना. केमो नको हे वाक्य घरून त्याने आणलं होतं खरं, पण ते बांधून दिलं होतं त्या हाताने. औषधाची त्याला भीती नव्हती. भीती होती ती एकदा आत गेल्यावर सगळी मायेची माणसं भोवती जमून 'झालंच, झालंच' म्हणतील याची.

गाल सुजलेल्या बाई मधेच आत गेल्या होत्या, त्या आता बाहेर आल्या, गालावर बर्फाची पिशवी धरून, आणि त्याला बोटाने खूण केली: थोडं. मग लेक दारात आली. मास्क गळ्यात, डोळ्यांखाली दमल्याच्या रेघा, हातमोजे उलटे काढत. "बाबा? आईचा फोन आला होता. म्हणाली, हसतायत, लक्ष ठेव." तो खुर्चीत बसला. खुर्ची मागे झुकली आणि छत समोर आलं. या छताखाली आयुष्य गेलं आणि त्याने ते कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याला एक चीर होती, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी, बहुधा लेकीनेच, आडवं पडलेल्या माणसासाठी बोटाएवढा एक मासा रंगवला होता. तो माशाकडे बघत राहिला. "बाईंना काय सांगितलंत?" लेकीने दिवा ओढत विचारलं. "अजून काही नाही. नको म्हणणार होतो." दिवा अर्ध्यावर थांबला. मावशींनीही अवजारांची तबकडी न वाजवता खाली ठेवली. "नको म्हणजे काय बाबा?" "म्हणजे केमो. पण मग त्यांनी दातांचं काढलं." "आणि आता?" तिचा आवाज पेशंटशी बोलायचा नव्हता, शाळेतून घरी येऊन दप्तर फेकायची, तेव्हाचा होता. "आता आधी हे बघ," तो म्हणाला. "उजवीकडे. आतून." आणि तिने काही बोलायच्या आत तो पुटपुटला, "मनगट वळत नाही तिथं." "माहितीये," लेक म्हणाली. "मलाही तुम्हीच शिकवलंय."

बारीक सळईने ती हिरडीची खोली मोजू लागली आणि मावशींना सांगू लागली. "दोन. तीन. दोन. तीन." आवाज सपाट. डावीकडे सगळं असंच, सभ्य. वरचे सभ्य. मग ती खाली उजवीकडे आतल्या अंगाला वळली, आणि "चार," म्हणाली, मग "सहा," मग थोडं थांबून, "सात." आपलं तोंड दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना त्याला विचित्र वाटलं. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, सात म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. अख्खी वस्ती मावेल असा पाताळातला बोळ, ज्यात प्राणवायू नाही, पहारा नाही, आणि आत तो मधला गडी, इथून तिथून सगळ्यांच्या खांद्यांवर हात टाकून बसलेला. तर इथून निघाला होतास होय, तो मनात म्हणाला. आणि त्याला वाईट वाटायच्या ऐवजी एक वेडी हुशारी आली. त्या गाठीपुढे त्याचं काही चालणार नव्हतं, पण इथं चालणार होतं. त्याचं नाही, तिचं. तिचं मनगट वळत होतं. ती दुसऱ्या बाजूने बसली होती. एवढंच तर होतं त्याच्या धंद्याचं सगळं गुपित, आणि ते त्याला आता, आडवं पडून, माशाकडे बघताना कळत होतं: आतली बाजू दुसऱ्यालाच दिसते.

भूल देऊन ती कामाला लागली. यंत्र किणकिणलं, पाणी उडालं, काहीतरी खरवडून निघालं, आणि तो वास आला, त्या प्रयोगशाळेतला, खिडकी बंद असलेला. पाण्याला चव आली. पितळेची. भूल चांगली होती, दुखत नव्हतं. पण पितळ जिभेवर पसरलं तसा थोरला भाऊ खिडकीतून वळला आणि हातातला पेला त्याच्यापुढे धरून बघू लागला, आणि दंतवैद्याच्या लक्षात आलं की आपला डावा हात वर गेलाय. मावशींनी जुन्या सवयीने तो अलगद धरला. खाली घेऊ लागल्या. "मावशी, राहू दे," लेक म्हणाली.

आणि किणकिण थांबली. सगळंच थांबलं. नळीतून पाणी टपकायचं राहिलं, बाहेर कुणीतरी खोकलं, रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्याने वाट पाहिली. कुणी 'झालंच' म्हणालं नाही. लेक दोन्ही हात वर धरून, अवजार बाजूला करून, बसली होती. घाई कसलीच नव्हती तिला. मावशींनी त्याचा हात सोडला नव्हता, पण खालीही ओढत नव्हत्या. तो तसाच हवेत होता, त्यांच्या हातात.

"दुखलं?" लेकीने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"मग काय झालं?"

त्याने तोंडातलं पाणी थुंकलं. ओठ भुलीने जड झाले होते. शब्द एका बाजूने घसरत होते. "बघत होतो," तो म्हणाला, "थांबतेस का."

"थांबले की."

"तिकडे? तिथं हात वर केला तर?"

लेकीने मास्क खाली घेतला. "तर त्यांना थांबून विचारावं लागेल. तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल, नुसता हात वर करून चालणार नाही. आणि नाही थांबले, तर मी बसेन शेजारी. मला थांबवायची सवय आहे. तुम्हीच म्हणायचात ना, दिवसाला एक दाढ?"

"मी पण येईन," मावशी मधेच म्हणाल्या. "हात धरायला. खाली नाही घेणार, देवाशपथ."

तो हसला. अर्धंच तोंड हसलं. दुसरं अर्धं भुलीत होतं. छतावरचा मासा जिथल्या तिथे होता, चिरेच्या काठाने कुठेतरी निघालेला. जीभ सवयीने मागे उजवीकडे गेली, पण तिला तिथं काही कळलं नाही. तिथं आता नुसतं मऊ, बधिर, अर्धं साफ झालेलं काहीतरी होतं, आणि अर्धं राहिलेलं.

"चालू ठेव," तो लेकीला म्हणाला. मग मावशींकडे मान वळवली. "आणि बाईंना फोन लावा. सांगा, येतोय म्हणावं, केमोला आणि त्यांच्या त्या अभ्यासालाही. मग घरी लावा, तिलाही सांगा." मावशी फोनकडे वळल्या, पण त्याचा हात हातातच ठेवून. "तुम्हीच बोला ना," त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडून ऐकतील तर बरं."

"मला आता बोलता येणार नाही," दंतवैद्य म्हणाला, आणि त्याने आ केला.